हनुक्क्याचे दिवे: तेल घ्यायचं की मेणबत्त्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हनुक्का हा यहुद्यांचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण. यहुदी पंचांगातला किस्लेव महिना लागला की ठाण्या-मुंबईपासून इस्राएलमधल्या दिमोना-अश्दोदपर्यंतच्या मराठी यहुदी घरांत, दिवे तेलाचे लावायचे की मेणबत्त्यांचे, हा प्रश्न निघतोच. 2026 मध्ये तो जरा जास्त अडचणीचा आहे. पहिला दिवा 4 डिसेंबरला शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि आठवा 11 डिसेंबरला, म्हणजे पुन्हा शुक्रवारीच. शुक्रवारचा दिवा जास्त वेळ तेवावा लागतो आणि दुकानातली नेहमीची बारीक मेणबत्ती तिथेच उणी पडते. म्हणून तेल की मेण हे ठरवण्याआधी दिवा किती वेळ चालणार हे ठरवा, असं आमचं सांगणं आहे. एखादी बाब अगदीच अडली, तर आपल्या हजानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) किंवा रब्बींना (धर्मगुरूंना) विचारावं.

हनुक्क्याचा आणि तेलाचा मुळात संबंध काय?

इ.स.पू. 164 च्या सुमारास मक्काबींनी, म्हणजे यहुदी बंडखोरांनी, राजा चौथा अँटिओकस याच्या सैन्याकडून यरुशलेमचं मंदिर परत मिळवलं. मंदिर विटाळलेलं होतं. तल्मूद हा यहुद्यांचा जुना धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो की शोधाशोध केल्यावर मुख्य याजकाचा शिक्का शाबूत असलेली तेलाची एकच कुपी सापडली. तेल एका दिवसापुरतं होतं, पण मंदिरातला दिवा त्यावर आठ दिवस तेवला. त्याची आठवण म्हणून 25 किस्लेवपासून आठ संध्याकाळी दिवे लावतात. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत आठव्या दिवशी आठ.

म्हणजे सगळे मिळून 36 दिवे. शिवाय रोजचा एक शमाश, म्हणजे इतर दिवे ज्याने लावायचे तो वेगळा दिवा. ते आठ धरले की 44 होतात. मेणबत्त्यांच्या पाकिटात 44 कांड्या असतात त्या या हिशेबाने.

चमत्कार तेलाचा होता, मग मेणबत्ती चालते का?

चालते. योसेफ कारो यांचा शुल्हान आरूख हा नियमग्रंथ 1565 मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्यात साफ म्हटलं आहे की हनुक्क्याच्या दिव्याला सगळी तेलं आणि सगळ्या वाती चालतात. त्यावर क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी टीप जोडली: ऑलिव्हचं तेल सर्वांत उत्तम, पण आमच्या मुलुखात मेणबत्त्या लावायची रीत आहे, कारण त्यांचाही उजेड तेलासारखाच स्वच्छ पडतो. पोलंडच्या थंडीत ऑलिव्हची झाडं कुठून येणार? लोकांनी हाताशी होतं ते वापरलं आणि धर्मशास्त्राने ते मान्य केलं.

विरोध करणारेही होते. प्रागचे रब्बी महारल मेणबत्तीच्या विरोधात होते. चमत्कार तेलात झाला, तर दिवाही तेलाचाच हवा, असं त्यांचं म्हणणं. बहुतेकांनी ते धरलं नाही. आज जगभर लाखो घरांत मेणबत्त्याच लागतात आणि त्यात उणं काही नाही.

ऑलिव्हचं तेलच सर्वांत चांगलं कशावरून? आपलं तिळाचं तेल का नको?

हा वाद तल्मूदमध्येच आहे, आणि तोही नेमका तिळाच्या तेलावरून! रब्बी येहोशुआ बेन लेवी म्हणाले, दिव्याला सगळी तेलं चालतात, पण ऑलिव्हचं सर्वांत उत्तम. त्यावर बाबिलोनियातले विद्वान अब्बाये आपल्या गुरूंची हकिकत सांगतात. गुरुजी आधी तिळाचं तेल शोधून आणायचे, कारण त्याचा दिवा जास्त वेळ तेवतो. येहोशुआ बेन लेवींचं म्हणणं कानावर आल्यावर ते ऑलिव्हकडे वळले, कारण त्याचा उजेड जास्त निर्मळ.

म्हणजे बाबिलोनियातल्या एवढ्या मोठ्या विद्वानाच्या घरी कित्येक वर्षं तिळाच्या तेलाचाच हनुक्का झाला. ऑलिव्ह परवडत असेल, मिळत असेल, तर तेच घ्यावं. नसेल तर तिळाच्या तेलाइतका भक्कम आधार दुसऱ्या कुठल्या तेलाला नाही, आणि ते गल्लीतल्या दुकानात मिळतं. मेणबत्ती आणि तिळाचं तेल यांतून निवडायची वेळ आली, तर या पानाचा कल तेलाकडे आहे.

खोबरेल, शेंगदाणा, सूर्यफूल, तूप यांचं काय?

शेंगदाण्याचं आणि सूर्यफुलाचं तेल बिनदिक्कत वापरा. खोबरेल चालतं, पण 24 अंशांच्या खाली गेलं की ते थिजतं. डिसेंबरात मुंबईची रात्रही तेवढी उतरते, पुण्या-नाशिकचं तर विचारायलाच नको. थिजलेल्या खोबरेलात वात आपल्याभोवतीचं तेल वितळेपर्यंत रडतखडत जळते आणि बऱ्याचदा विझते. लावायचंच असेल तर आधी बाटली कोमट पाण्यात ठेवा. तुपाचंही तेच. इस्राएलमधल्या घरांनी तर हिवाळ्यात खोबरेलाच्या वाटेला जाऊच नये.

ऑलिव्हचं तेलही फ्रिजमध्ये गढूळ होतं, गोठतं. ते बाहेरच ठेवा.

स्वयंपाकाचं महागडं एक्स्ट्रा व्हर्जिनच लागतं का?

नाही. मंदिरातल्या दिव्याला पहिल्या निथळीचं तेल लागायचं, घरच्या दिव्याला ती अट नाही. रिफाइंड ऑलिव्ह तेलात गाळ नसतो, त्यामुळे वात चोंदत नाही आणि दिव्यापुरतं पाहिलं तर तेच सोयीचं. इस्राएलमध्ये खास दिव्यासाठीच्या बाटल्या मिळतात. त्यांवर ‘खाण्यासाठी नाही’ असं लिहिलेलं असतं, ते मात्र वाचा. घरी पाहुणा आलेला असेल आणि सॅलडवर काही ओतायचं असेल, तेव्हा ही बाटली ओट्यावर नको.

दिवा किती वेळ तेवला पाहिजे?

अंधार पडल्यापासून निदान अर्धा तास. जुन्या काळी बाजारातली वर्दळ थांबेपर्यंतची ही वेळ होती. महत्त्वाचं हे की दिवा लावतानाच त्यात अर्ध्या तासाचं तेल किंवा तेवढं मेण असायला हवं. थोडंसं घालून लावला आणि मग वरून तेल ओतत बसलं, तर ते चालत नाही. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या म्हणूनच बाद. त्या अर्धा तास टिकतच नाहीत.

पाकिटातल्या साध्या हनुक्का-मेणबत्त्या जेमतेम अर्धा तास जातात, काही त्याच्याही आत विझतात. नवीन ब्रँड आणलात तर सणाच्या आधी एक कांडी लावून घड्याळ बघा.

आणि शुक्रवारी?

शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाल्यावर आग पेटवायची नसते. म्हणून शुक्रवारी हनुक्क्याचे दिवे शब्बाथच्या दिव्यांच्याही आधी लावतात, पण ते तेवायला हवेत अंधार पडल्यानंतर अर्धा तास होईपर्यंत.

मुंबईचा हिशेब करू. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. शब्बाथचे दिवे त्याआधी 18 मिनिटं, म्हणजे 5:42 च्या सुमाराला. हनुक्क्याचे त्याच्याही आधी, समजा 5:35 ला. अंधार पडतो साधारण 6:25 ला. पुढे अर्धा तास धरला की 6:55. म्हणजे एक तास वीस मिनिटं झाली. थोडं हाताशी राखून दीड तासाचं तेल घाला. फार लवकर लावून मोकळं होणंही नाही. सूर्यास्ताआधी सुमारे सव्वा तासाची (दिवसाचे बारा भाग पाडून येणाऱ्या तासाने) एक वेळ ठरलेली आहे, तिच्या आधी लावलेला दिवा धरला जात नाही. मुंबईत ती वेळ 4:50 च्या आगेमागे येते.

बारीक मेणबत्ती इथे टिकत नाही. मेणबत्त्याच लावायच्या असतील तर त्या दोन संध्याकाळींसाठी जाड, लांब कांड्या वेगळ्या आणा. शब्बाथच्या पांढऱ्या मेणबत्त्याही चालतात, फक्त त्या हनुक्कियाच्या (हनुक्क्याच्या दीपदानाच्या) खाचेत बसतात का ते आधी पाहा. तेलाच्या दिव्यात फक्त पातळी वाढवायची, की झालं. बाकीचे सहा दिवस मेणबत्त्या आणि दोन शुक्रवारी तेल, असं केलंत तरी कुणी हरकत घेणार नाही.

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ संपून तारे दिसेपर्यंत थांबा. त्या दिवशी नेहमीएवढं तेल पुरतं.

दीड तासाला तेल नेमकं किती?

हे तुमच्या वातीच्या जाडीवर आहे, कुणाचा आकडा कुणाला लागू होत नाही. आदल्या रविवारी एका दिव्यात दोन छोटे चमचे तेल घाला, तुमची नेहमीची वात ठेवा, लावा आणि कधी विझतो ते लिहून ठेवा. तेवढ्या एका प्रयोगावर आठही दिवसांचा हिशेब निघतो.

वात कशी असावी?

कापसाची. किराणा दुकानात पूजेच्या सामानात मिळणाऱ्या लांब वाती अगदी योग्य आहेत. फुलवात उभी राहते आणि दिसते छान, पण ती तुपासाठी बनवलेली असते. पातळ तेलात तिचं बूड पसरतं आणि ती कलंडते.

घरी वळायची असेल तर कापसाचा पेळू करंगळीएवढा लांब ओढा, तळहातावर तेलाचा एक थेंब घ्या आणि एकाच दिशेने वळत जा. पुढे-मागे वळलंत की पीळ सुटतो. वात आधी पूर्ण तेलात बुडवून वर काढा, टोक दोन बोटांत दाबून निमुळतं करा, आणि काठाबाहेर फक्त तांदळाच्या दाण्याएवढं ठेवा. टोक त्याहून लांब राहिलं की काजळी धरते, ज्योत हलते आणि भिंतीवर काळा पट्टा उमटतो. भाड्याच्या घरात डिपॉझिट कापायला एवढं कारण पुरतं.

एकदा जळलेली वात दुसऱ्या दिवशी फेकू नका. नवी घ्यायची गरज नाही असं नियमातच आहे, आणि जळकं टोक उलट लवकर पेट घेतं.

काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि त्यावर बुचाची तरंगती वात, अशीही जुनी पद्धत आहे. तेल संपलं की ज्योत पाण्याला टेकून आपोआप विझते. मात्र पाण्यावरच्या तेलाचा थर तेवढा वेळ पुरेल इतका जाड हवा.

दिवाळीच्या पणत्या चालतील का?

चालतात, आणि दिसतातही सुरेख. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली: साधी मातीची पणती तेल पिते आणि एका रात्रीत काळी, ओशट होते. अशी वापरलेली मातीची पणती दुसऱ्या दिवशी सणाच्या दिव्यासाठी लावू नये, असं शुल्हान आरूखमध्येच सांगितलं आहे. नवी घ्यावी किंवा जुनी विस्तवात भाजून काढावी. म्हणजे पणत्यांवर सण करायचा तर 36 कोऱ्या पणत्या हव्यात. दिवाळीनंतर कुंभारवाड्यात शिल्लक माल स्वस्तात मिळतो, तेव्हाच आणून ठेवा. वापरण्याआधी तासभर पाण्यात बुडवून वाळवल्या की तेल कमी पितात. झिलई केलेल्या, काचेच्या किंवा पितळी दिव्यांना ही अट नाही, ते पुसून रोज वापरा.

दुसरी: एका मोठ्या पणतीत किंवा पसरट भांड्यात पाच-सहा वाती गोल लावू नका. ज्योती एकमेकींत मिसळून शेकोटीसारखं दिसतं आणि मग तो एकही दिवा धरला जात नाही. समईच्या पाच वाती पाच दिवे म्हणून मोजायच्या का, असं विचारणारे असतात. एकाच तेलात, वर उघड्या, जवळजवळ असलेल्या वाती टाळाव्यात. प्रत्येक दिव्याची वाटी वेगळी आणि सगळे एका रांगेत, एका उंचीवर, हे सर्वांत सरळ.

मेणबत्त्यांनाही हेच लागू आहे. दोन कांड्यांत बोटभर अंतर हवं, नाहीतर एकीच्या आचेने दुसरी वाकते.

एकाच संध्याकाळी काही दिवे तेलाचे, काही मेणाचे लावले तर?

टाळा. बघणाऱ्याला वाटतं दोन माणसांनी वेगवेगळे दिवे लावले आहेत, आणि आज कितवा दिवस ते कळत नाही. आजचे सगळे एकाच प्रकारचे, उद्याचे दुसऱ्या प्रकारचे, याला हरकत नाही.

शमाश याला अपवाद. तो मोजणीत नाही, त्यामुळे तेलाच्या हनुक्कियातही शमाश मेणबत्तीचाच ठेवतात. पेटती तेलाची वाटी हातात धरून बाकीचे दिवे लावण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आपल्या बेने इस्राएल लोकांची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, मूळ रीत कोणती, तेलाची ना?

तेलाची असणार असं वाटतं खरं. अलिबाग, पेण, रेवदंडा भागात आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पण हनुक्का हा कोकणातल्या जुन्या सणांपैकी नव्हेच. नव्याचा सण (रोश हशाना) होता, दारफळणीचा (योम किप्पूर) होता, होळीचा सण (पुरीम) होता, हनुक्का नव्हता. आपल्यात त्याचं कारण असं सांगतात की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून जे वाचले, त्यांचे पूर्वज मक्काबींच्या लढाईच्या आधीच मायदेशातून निघाले होते. पुढे कोचीनच्या यहुदी शिक्षकांमुळे आणि मुंबईतल्या इतर यहुद्यांशी संबंध आल्यावर हा सण आपल्याकडे रुजला. गावभर तेल पुरवणाऱ्या समाजाला तेलाचाच सण ठाऊक नसावा, ही गंमत आहे.

त्यामुळे ‘आमच्या वाडवडिलांची हीच पद्धत’ असं म्हणत तेल किंवा मेणबत्ती कुणावर लादण्यात अर्थ नाही. सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनागृहात), म्हणजे आपल्या आज्या ज्याला मशीद म्हणायच्या तिथे, टांगत्या काचेच्या दिव्यांत तेल जळायचं. घरात कुणी मेणबत्त्या लावत, कुणी तेल. आपली उपासना सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या) वळणाची असल्याने घरात सगळ्यांचा मिळून एकच हनुक्किया लागतो. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या) घरांत प्रत्येकजण आपापला लावतो. खरेदीच्या यादीत याचा फरक पडतो.

दिवा मध्येच विझला तर?

पुरेसं तेल होतं, जागा आडोशाची होती आणि तरीही विझला, तर परत लावलाच पाहिजे असं नाही. पण लावावा, बेराखा (दिवे लावताना म्हणायचं स्तुतिवचन) पुन्हा न म्हणता. शुक्रवारी शब्बाथ लागल्यावर विझला तर मात्र हात लावायचा नाही.

पंखा चालू ठेवून लावला आणि विझला तर ती आपलीच चूक. तो दिवा लागलाच नाही असं धरून परत लावायचा. मुंबईत हे फार होतं. घामाघूम पाहुणे आले की कुणीतरी सवयीने बटण दाबतं. बटणावर आधीच चिकटपट्टी लावा. खिडकीत ठेवणार असाल तर काचेच्या चौकोनी पेटीचा उपयोग होतो. यरुशलेममध्ये दाराबाहेर दिवे ठेवतात ते अशाच पेट्यांत. लावल्यानंतर हनुक्किया उचलून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून जागा आधी नक्की करा.

घरात लहान मुलं आहेत. काय सुरक्षित?

मेणबत्ती पडली तर कधी विझते, कधी नाही. तेलाचा दिवा कलंडला तर पेटतं तेल पसरतं. मुलं स्वतः लावणार असतील तर मेणबत्त्याच द्या, त्यांची हौसही भागते. तेल असेल तर हनुक्किया काठ असलेल्या पितळी किंवा स्टीलच्या ताटात ठेवा, पडद्यापासून लांब. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही, वर ताट किंवा ओलं जाड फडकं झाकायचं. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी आधी वॉर्डनला विचारावं.

विजेचा किंवा बॅटरीचा मेनोरा, म्हणजे हनुक्किया?

दुकानाच्या काचेत, इस्पितळाच्या खोलीत शोभेला ठीक आहे. बहुतेक रब्बींच्या मते त्यावर बेराखा म्हणता येत नाही.

तयार भरलेले तेलाचे कप येतात, ते कसे?

छान. गोठवलेलं किंवा जेल केलेलं ऑलिव्ह तेल, आत वात, वर झाकण. सांडत नाही, माप चुकत नाही. इस्राएलमध्ये सुपरमार्केटात सहज मिळतात. तिकडून कुणी येणार असेल तर सामानात सांगून ठेवा. पाकिटावर किती वेळ जळतो ते लिहिलेलं असतं, शुक्रवारसाठी तेवढं बघून घ्या.

पॅराफिन की मधमाशीचं मेण?

दोन्ही चालतात. मधमाशीच्या मेणाला वास चांगला आणि किंमतही चांगलीच.

सण झाल्यावर हनुक्किया साफ कसा करायचा?

मेण चिकटलं असेल तर सुरीने खरवडू नका, पितळेवर ओरखडे राहतात. तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मेण आक्रसतं आणि टिचकीने निघतं. उरलेलं गरम पाण्यात. ते पाणी मोरीत ओतू नका, थंड होऊ द्या, वर आलेली मेणाची साय काढून मग ओता. तेलाच्या पितळी दिव्याला आधी कोरडा टिश्यू, मग चिंच किंवा पितांबरी. पुढच्या वर्षी लावण्याआधी कमी दमछाक हवी असेल तर दिवसाच्या दिवस पुसत जा.

दिव्यात उरलेलं तेल स्वयंपाकात घालता येतं का?

नाही. दिव्यासाठी काढून ठेवलेलं ते तेल आठव्या रात्रीनंतर वेगळं जाळून टाकतात. पुढच्या हनुक्क्यासाठी बरणीत भरून ठेवायचं नाही, कारण मधल्या काळात कुणीतरी चुकून वापरेल. वातीही त्याच्यातच घाला. बाटलीत शिल्लक राहिलेल्या तेलाला यातलं काही लागू नाही, ते खाण्याचं असेल तर खुशाल भाजीला घ्या.